प्रोस्टेटच्या कर्करोगावरील किरणोपचार : किती दिवस, कुठे आणि कशासाठी



लागण, खोडवा, पाण्याच्या पाळ्या यांची चर्चा आपण चारचौघांत मोकळेपणाने करतो. लघवीच्या त्रासाची मात्र करीत नाही. ‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपल्याच लोकांनी केलेली आहे, आणि या लेखाचा विषय त्याच जातीचा आहे. पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग आणि त्यावर दिले जाणारे किरण, ज्याला आपल्याकडे ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, त्याविषयी ही माहिती आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला या उपचारात यंत्राची भीती फारशी आडवी येत नाही. त्याला अडवतात ते अंतर आणि दिवस. नागपूरला रोज जायचे, तेही कित्येक आठवडे, मग धानाच्या बांध्या आणि ऊस कोणी पाहायचा, हा प्रश्न पडतो आणि उपचार सुरूच होत नाही, किंवा अर्ध्यावर सुटतो. म्हणून दिवसांचा हिशेब हाच या लेखाचा गाभा धरला आहे.

सभासद भगिनींनीही हे वाचावे. रात्री म्हातारा चारदा उठतो हे आधी घरच्या बाईलाच कळते.

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांत असणारी, आवळ्याएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. पन्नाशी उलटली की ती हळूहळू वाढू लागते. नळीवर दाब येतो, धार बारीक होते, लघवीला गेले तरी मोकळे वाटत नाही, रात्री वारंवार उठावे लागते. विचारले तर उत्तर ठरलेले, “काही नाही जी, वय झालं आता.” बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असते. ही वाढ साधी असते, कर्करोगाची नसते आणि गोळ्यांनी किंवा दुर्बिणीच्या ऑपरेशनने बरी होते. पण कर्करोगाची सुरुवातही अशीच, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच त्रास न देता होते. दोन्हींत फरक नुसत्या लक्षणांवरून कोणी सांगू शकत नाही. त्यासाठी डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून ग्रंथी चाचपतात. ती कडक किंवा गाठाळ लागली तर संशय घेतात. जोडीला रक्ताची पी.एस.ए. नावाची तपासणी असते. साधारणपणे ४ पर्यंतचा आकडा ठीक मानतात, पण साध्या वाढीनेही तो वाढतो, लघवीत जंतू झाले तरी वाढतो. त्यामुळे आकडा ७ आला म्हणजे कर्करोग झालाच असे नव्हे, आणि ३ आला म्हणजे नाहीच असेही नव्हे. शेवटचा निकाल सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा, म्हणजे बायप्सीचा.

येथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्या भागातील पुष्कळांचे प्रोस्टेटचे दुर्बिणीचे ऑपरेशन झालेले असते. त्या वेळी खरवडून काढलेले तुकडे तपासणीस पाठविले होते का आणि त्याचा अहवाल काय आला, हे विचारून कागद घरी ठेवा. ऑपरेशन झाले, धार सुटली, विषय संपला, असे समजून तो कागद रुग्णालयातच राहून जातो, आणि कधी कधी त्या कागदावरच रोगाचे नाव लिहिलेले असते.

बायप्सीत कर्करोग निघाला की डॉक्टर ‘ग्लीसन’ नावाचा आकडा सांगतात. ६ असेल तर रोग सावकाश चालीचा, ८ ते १० असेल तर तडफेचा. हा आकडा, पी.एस.ए. आणि रोग ग्रंथीच्या आत आहे की बाहेर निघाला, या तिन्हींवरून पुढचे ठरते. हाडांची आणि पोटाची तपासणी करून रोग पसरला आहे का तेही पाहतात. सावकाश चालीच्या छोट्या रोगाला काही वेळा लगेच काहीच करीत नाहीत, नुसती नजर ठेवतात. हे ऐकून नातेवाईक चिडतात, “कॅन्सर म्हणता अन् घरी जा म्हणता?” पण त्यात हयगय नसते. इंग्लंडमध्ये १,६४३ रुग्णांवर एक मोठी पाहणी झाली. काहींवर नुसती नजर ठेवली, काहींचे ऑपरेशन केले, काहींना किरण दिले. पंधरा वर्षांनंतरचा निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत या रोगाने दगावलेले शंभरात सुमारे तीनच होते. हे आकडे रोग ग्रंथीतच असताना सापडलेल्यांचे आहेत, हे मात्र विसरू नये. आपल्याकडचा रुग्ण पुष्कळदा त्याच्या फार नंतर दवाखान्यात पोचतो.

आता किरणांकडे वळू. ‘शेक’ हा शब्द आपल्या तोंडी बसला आहे, पण तो फसवा आहे. या उपचारात उष्णता जवळजवळ नसतेच. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या मापात मोजतात. प्रोस्टेटला सगळे मिळून ६० ग्रे दिले आणि ते एकाच वेळी दिले असे धरले, तरी त्या जागेचे तापमान एका अंशाच्या पन्नासाव्या भागानेही वाढणार नाही. मग काम कसे होते? हे किरण पेशीच्या गाभ्यातील धागे तोडतात. पेशीची वाढ, तिचे दोनाचे चार होणे, सगळे त्या धाग्यांवर लिहिलेले असते. निरोगी पेशी तुटलेला धागा बऱ्यापैकी सांधून घेते. कर्करोगाच्या पेशीला ती दुरुस्ती नीट जमत नाही. ती पुढे कधीतरी दुभंगायला जाते आणि मरते. यामुळे किरणांचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही, महिनोन्‌महिने होत राहतो.

उसाच्या बेण्याला आपण उष्णजल प्रक्रिया करतो, ती आठवा. गवताळ वाढीचा रोग मारायला बेणे ५० अंशांच्या पाण्यात दोन तास ठेवायचे. पाणी कोमट राहिले तर रोग तसाच राहतो, पाणी फार तापले तर डोळेच मरतात, उगवण होत नाही. रोग मरावा आणि डोळा जगावा, एवढ्या अरुंद पट्टीत काम करायचे असते. किरणांचेही तेच. प्रोस्टेटच्या पुढे-वर मूत्राशय आणि मागे लागूनच गुदाशय. मध्ये बोटभरही अंतर नाही. म्हणून एकदम सगळी मात्रा न देता ती वाटून रोज थोडी देतात. निरोगी पेशींना रात्रभरात दुरुस्तीला अवधी मिळतो, रोगाच्या पेशी मागे पडत जातात. “डॉक्टरसाहेब, काहून रोज यावं लागते, एकदाच देऊन टाका ना,” असे विचारणाऱ्याला हे उत्तर आहे.

यंत्रे दोन प्रकारची. जुने कोबाल्टचे. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातू असतो आणि दर सव्वापाच वर्षांनी त्याचा जोर निम्मा होतो. त्यामुळे धातू जुना झाला की तीच मात्रा द्यायला जास्त मिनिटे लागतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ नावाचे देशी कोबाल्ट यंत्र बनविले, त्यातील पहिले २००५ साली नवी मुंबईत खारघरच्या टाटा केंद्रात बसले. दुसरे यंत्र लिनिअर ॲक्सिलरेटर. यात धातू नाही, वीज वापरून किरण तयार करतात. बटण बंद केले की किरण बंद. या यंत्राच्या तोंडाशी धातूच्या बारीक पट्ट्या सरकत असतात आणि त्या ग्रंथीच्या आकाराबरहुकूम किरणांना वाट ठेवतात. बाकी ठिकाणी अडवतात. खोल असलेल्या प्रोस्टेटसाठी हेच यंत्र हवे. मुंबईच्या ‘समीर’ या सरकारी संस्थेने असे यंत्र देशात तयार केले, आणि आपल्या शेजारच्या सेवाग्रामच्या रुग्णालयातही ते बसविले गेले होते.

प्रोटॉन नावाचे फार महागडे यंत्रही निघाले आहे. खारघरला २०२३ पासून त्यावर रुग्ण घेतात. पण प्रोस्टेटसाठी त्यामागे धावायचे कारण नाही. अमेरिकेत झालेल्या तुलनेत २०२४ साली असे दिसले की साध्या आधुनिक यंत्रापेक्षा त्याने आतड्यांचा त्रास कमी होत नाही. शेत विकून प्रोटॉन घेण्याचा सल्ला कोणी दिला तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा.

प्रत्यक्षात काय करतात ते सांगतो, कारण माहीत नसले की भीती वाटते. पहिल्या दिवशी किरण देत नाहीत. सी.टी. यंत्रावर झोपवून मोजणी करतात, कमरेवर शाईच्या किंवा गोंदणाच्या बारीक खुणा करतात. शाईच्या असतील तर अंघोळीत घासून काढू नयेत. डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ मिळून संगणकावर आराखडा तयार करतात, त्याला काही दिवस लागतात. मग रोजचा कार्यक्रम सुरू. पोट साफ करून यायचे, लघवी करून मोकळे व्हायचे, मग सांगितले असेल तेवढे पाणी मोजून प्यायचे आणि ठरलेला वेळ थांबायचे. भरलेले मूत्राशय आतड्यांना वर ढकलून किरणांच्या वाटेतून बाजूला ठेवते, आणि रोज ते सारखेच भरलेले असले तर ग्रंथी रोज त्याच जागी सापडते. कोणी लाजून सांगत नाही की आज पाणी प्यायलो नाही, किंवा पोट साफ झाले नाही. सांगावे. अर्धा तास उशीर होईल, एवढेच. यंत्राखाली पडून राहायचे ते दहा-पंधरा मिनिटे. दुखत नाही, भाजत नाही, सुई नाही. खोलीत एकटे असता, पण बाहेरचे लोक पडद्यावर बघत असतात आणि हाक मारली तर ऐकतात.

आता मुद्द्याची गोष्ट, दिवस किती.

जुनी पद्धत म्हणजे सदतीस ते एकोणचाळीस वेळा, आठवड्यातून पाच दिवस. जवळजवळ आठ आठवडे. शनिवार-रविवार धरून दोन महिने घराबाहेर. एटापल्ली किंवा धानोऱ्याकडच्या माणसाने हे कसे करावे? सुदैवाने गेल्या काही वर्षांत हे चित्र बदलले. इंग्लंडमध्ये ३,२१६ रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निकाल २०१६ साली आला. सदतीस दिवसांत ७४ ग्रे देण्याऐवजी रोजची मात्रा थोडी वाढवून वीस दिवसांत ६० ग्रे दिले, तर पाच वर्षांनी रोग आटोक्यात राहण्यात उणेपणा आला नाही, उशिराचा त्रासही सारखाच राहिला. म्हणजे आठ आठवड्यांचे काम चार आठवड्यांत. त्यापुढे जाऊन फक्त पाच वेळा किरण देण्याचीही चाचणी झाली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निकालात ८७४ रुग्ण होते आणि पाच वर्षांनी दोन्ही गटांत शंभरात सुमारे पंच्याण्णव जणांचा रोग आटोक्यात होता. पाच दिवसांच्या गटात लघवीचा त्रास काहीसा अधिक झाला. शिवाय ही चाचणी कमी आणि मध्यम धोक्याच्या रोगापुरती होती, आणि त्यासाठी रोज ग्रंथीची जागा पाहून नेम धरणारे यंत्र लागते.

म्हणून डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा, “साहेब, आम्ही लांबून येतो. माझ्या रोगाला कमी दिवसांचा कोर्स चालतो का?” यात उद्धटपणा नाही. चालत असेल तर ते आनंदाने देतील, नसेल तर का नाही ते सांगतील. विचारले नाही तर कदाचित जुन्याच हिशेबाने तारखा मिळतील.

आपल्याच राज्यातील एक काम येथे सांगण्यासारखे आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वेदांग मूर्ती व सहकाऱ्यांनी २०११ ते २०१७ या काळात जास्त धोक्याच्या प्रोस्टेट कर्करोगाचे २२४ रुग्ण घेतले. निम्म्यांना फक्त ग्रंथीला किरण दिले, निम्म्यांना ग्रंथीसोबत ओटीपोटातील लसिकाग्रंथींनाही दिले. कारण रोग बाहेर निघतो तो पहिल्यांदा तिकडे. पंचवीस वेळा, म्हणजे पाच आठवडे. सर्वांना जोडीला किमान दोन वर्षे हार्मोनचा उपचार. पाच वर्षांनी पी.एस.ए. पुन्हा न वाढलेले रुग्ण पहिल्या गटात शंभरात ८१ होते, दुसऱ्या गटात ९५. एकूण जगण्यात तोवर फरक दिसला नव्हता, आणि दुसऱ्या गटात लघवीचा उशिराचा त्रास वीस टक्क्यांना झाला, पहिल्यात नऊ टक्क्यांना. नफा आणि तोटा दोन्ही छापले, हे त्या मंडळींचे मोठेपण. २०२१ साली हा निकाल प्रसिद्ध झाल्यावर जगभर त्याची चर्चा झाली. आपल्या गावाकडून गाडीत बसून परळला गेलेल्या साध्यासुध्या माणसांसारख्या रुग्णांच्या भरवशावर हे ज्ञान उभे राहिले आहे.

हार्मोनचा उपचार काय, ते सांगायला हवे, कारण शेतीच्या हंगामाचा मेळ त्यावरच बसतो. प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी हार्मोनवर पोसला जातो. ते बंद केले की रोग आक्रसतो. अमेरिकेतील डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी हे १९४१ साली दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले. आज हे काम महिन्या-तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनने होते, किंवा एका छोट्या ऑपरेशनने वृषण काढून. ऑपरेशनचे नाव काढले की बैलाच्या खच्चीकरणाची आठवण होऊन माणूस बिचकतो, ते साहजिकच आहे. पण ते स्वस्त आहे, एकदाच करायचे असते आणि रोग पसरलेला असेल तर इंजेक्शनइतकेच कामाचे आहे. मात्र किरणांसोबत ठरावीक मुदतीचाच हार्मोन उपचार हवा असेल, तर इंजेक्शन बरे. मध्यम धोक्याला साधारण सहा महिने, जास्त धोक्याला दीड ते तीन वर्षे.

तर मेळ असा. जेथे हार्मोन लागणार आहे तेथे इंजेक्शन आधी सुरू करून साधारण दोन-तीन महिन्यांनी किरण सुरू करतात. त्या काळात रोग दबलेला असतो. समजा, आरमोरीकडचा एक सभासद, वय अडुसष्ट, भाद्रपदात रोग निघाला. त्याने लगेच इंजेक्शन घेतले, धानाची कापणी-मळणी आणि ऊसतोडीचे बोलणे उरकले, आणि डॉक्टरांच्या संमतीने पौष-माघात किरण घेतले, तर काही बिघडत नाही. बिघडते ते, इंजेक्शनही घेतले नाही आणि “तोड होऊ द्या, मग पाहू” म्हणत वर्ष घालविले तर. पावसाळा शक्यतो टाळावा. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटते, हे सर्वांना माहीत आहे. रुग्ण गावी आणि यंत्र नागपुरात, अशी गत होऊ नये. मध्ये एखादा दिवस चुकला, यंत्र बंद पडले, तर आकाश कोसळत नाही, तो दिवस पुढे धरतात. पण आठवडाभर गावी गेलो, मग सण आला, मग पैसे नव्हते, असे झाले तर दबलेल्या पेशी पुन्हा मान वर काढतात, आणि आधी दिलेल्या मात्रेचा परिणाम कमी होतो. एकदा एका जागेवर पूर्ण मात्रेच्या जवळ गेलो की पुन्हा पहिल्यापासून देता येत नाही, कारण शेजारच्या गुदाशयाने आपला वाटा सोसलेला असतो. दुबार पेरणीची सोय येथे नाही.

कुठे जायचे? नागपुरात तुकडोजी पुतळा चौकाजवळ राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. ज्यांचे नाव त्याला दिले ते राष्ट्रसंत आपल्या चिमूरच्या १९४२ च्या लढ्याशी जोडलेले, आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचा देह पडला तो याच रोगाने. कर्करोगाने, म्हणतो मी, प्रोस्टेटच्या नव्हे. वर्धा मार्गावर जामठा येथे राष्ट्रीय कर्करोग संस्था २०१७ पासून रुग्ण घेते. चंद्रपूरहून येताना ती बुटीबोरीच्या पुढे, शहरात शिरण्याआधीच लागते. वर्ध्याकडे सेवाग्राम व सावंगी येथेही किरणांची सोय आहे. चंद्रपूर शहरातच टाटा ट्रस्ट, राज्य शासन व जिल्हा खनिज प्रतिष्ठान यांच्या सहभागातून कर्करोग रुग्णालय उभे राहिले आहे. नागपूरला जाण्याआधी तेथे चौकशी करावी, प्रोस्टेटच्या किरणांची तारीख मिळते का ते विचारावे. जवळ मिळाले तर त्यासारखे नाही. सिरोंच्याकडची माणसे नदी ओलांडून वरंगल-हैदराबादला जातात, तेही समजण्यासारखे आहे, फक्त आपली योजना तेथे चालेल का ते आधी विचारून घ्यावे. मुंबईचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि आजही अवघड रोगासाठी सगळे तिकडेच बोट दाखवतात. पण साध्या सरळ रोगाचे किरण विदर्भात होत असतील तर मुंबईचा हट्ट नको. एकदा मुंबईचे मत घ्यावे, आराखडा लिहून आणावा आणि किरण जवळ घ्यावेत, हा मार्ग उत्तम. मुंबईला राहावेच लागले तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आधार देते. बाबांची खापर-खराट्याची पुण्याई तेथे कामी येते.

पैशाचे बोलू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या एकत्र चालतात आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देतात. किरणोपचार त्यात बसतो. पण रुग्णालय योजनेत असले पाहिजे आणि नोंदणी उपचार सुरू होण्याआधी झाली पाहिजे. पैसे भरून झाल्यावर मागायला गेले तर हात हलवत यावे लागते. रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, शिधापत्रिका, आधार आणि बायप्सीचा कागद घेऊन पहिल्या दिवशीच त्याला गाठा. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपरचे तिकीट पूर्ण माफ आहे आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाने भरून दिलेला नमुना दाखवावा लागतो. वडसा, ब्रह्मपुरी, मूल, बल्लारपूर येथून गाडीत बसणाऱ्यांनी तो पहिल्याच फेरीत मागून घ्यावा. एस.टी.त पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, हे बहुतेकांना माहीत आहेच. औषधापेक्षा जास्त खर्च राहण्या-खाण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा होतो, आणि तो कोणतीच योजना देत नाही. कमी दिवसांच्या कोर्सचा आग्रह धरला तो यासाठीच.

त्रास काय होतो? दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून लघवीला घाई, जळजळ, पातळ शौच, थकवा. किरण संपल्यावर काही आठवड्यांत हे बहुतेक ओसरते. या दिवसांत तिखट-तेलकट कमी, ताक-भात, कढी, मऊ पोळी बरी. काहींना वर्षा-दोन वर्षांनी शौचातून रक्त जाते. घाबरून मूळव्याधीच्या भोंदू वैद्याकडे जाऊ नये. ज्यांनी किरण दिले त्यांना दाखवावे आणि त्यांना न सांगता त्या जागेचा तुकडा कोणालाही काढू देऊ नये, जखम भरत नाही. पुरुषशक्ती कमी होते, हार्मोनच्या इंजेक्शनने तर होतेच. नवरा-बायकोने हे आधी समजून घ्यावे. इंजेक्शनच्या काळात अंगात एकाएकी उष्णतेचे लोट येतात, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. चालणे सोडू नये. आणि खर्रा, बिडी या निमित्ताने सुटले तर उपचाराला मदतच होते. खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घरोघरी तो चघळतात, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

डोक्याचे केस या किरणांनी जात नाहीत. बाहेरून किरण घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरण निघत नाहीत. त्याचे ताट वेगळे ठेवायचे कारण नाही, नातवंडाला मांडीवर घेण्यास हरकत नाही. हा रोग स्पर्शाने होत नाही.

रोग हाडात गेलेल्यांसाठीही किरण कामाचे आहेत, ते मात्र रोग बरा करण्यासाठी नव्हे, दुखणे थांबविण्यासाठी. मणक्यात किंवा कमरेच्या हाडात ठणका असेल तर ८ ग्रेची एकच मात्रा पुष्कळदा पुरते. एका दिवसाचे काम, आणि रात्रीची झोप परत मिळते. म्हणून “आता काय उपयोग” म्हणून म्हाताऱ्याला खाटेवर कण्हत ठेवू नये. साठीनंतरच्या पुरुषाची कंबर महिनोन्‌महिने, पडल्यावरही दुखत असेल तर नुसते तेल चोळत न बसता पी.एस.ए. करून घ्यावी. आणि प्रोस्टेटचा रुग्ण असलेल्या माणसाच्या पायांतले बळ एकाएकी जाऊ लागले, पाय बधिर झाले, लघवी-शौचाचा ताबा सुटला, तर ती तातडीची वेळ समजावी. मणक्यातील गाठ मज्जारज्जू दाबते आहे. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. चोवीस तासांत उपचार मिळाला तर माणूस चालत परत येतो. उद्या-परवावर टाकले तर पाय बहुधा परत मिळत नाहीत.

किरण संपले म्हणजे आकडा लगेच शून्यावर येत नाही. पी.एस.ए. सावकाश, वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहून अधिक काळ उतरत राहते. मध्ये थोडी वर-खाली होते, त्याने घाबरू नये. सर्वांत खाली गेलेल्या आकड्यापेक्षा ती २ ने वर चढली, तर रोग परतल्याचा संशय धरतात. हे कळायला सगळे जुने आकडे समोर हवेत. दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, आणि आकडा व तारीख एका वहीत. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी. बायप्सीचा अहवाल, किरणांची मात्रा आणि दिवस लिहिलेला रुग्णालयाचा कागद, आणि ही वही, तिन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जेथे सातबारा आणि ऊसबिलाच्या पावत्या ठेवता तेथेच ठेवावीत. योजनेची चौकशी १५५३८८ या क्रमांकावर होते, तो क्रमांक पिशवीवरच लिहून ठेवावा.